मध्य युरोपीय वेळ आणि भारत: साडेतीन तास की साडेचार?

जर्मनी आणि भारत यांच्यात किती तासांचा फरक आहे, असं विचारलं की कुणी साडेतीन सांगतं, कुणी साडेचार. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत: भारताचं घड्याळ एरवी साडेचार तास पुढे असतं, पण तिकडे उन्हाळ्यासाठी घड्याळ एक तास पुढे करतात तेव्हा फरक साडेतीन तासांचा होतो. नेमकी तिथेच गडबड होते. ऐकलेला एक आकडा डोक्यात पक्का बसतो आणि वर्षभर तोच वापरला जातो. मग मुलाखतीला माणूस तासभर उशिरा पोहोचतो, नातवाला पहाटे साडेचारला फोन जातो, विद्यापीठाच्या अर्जाची मुदत हातची जाते.

हा लेख मध्य युरोपीय वेळेसाठी आहे, म्हणजे बर्लिन, पॅरिस, रोम, माद्रिद, वॉर्सा, स्टॉकहोम, झुरिक या शहरांच्या घड्याळासाठी. माझं सांगणं एवढंच, की तासांचा आकडा पाठ करू नका. आधी शहर, मग तारीख आणि शेवटी घड्याळ, या क्रमाने गेलात तर चूक होत नाही. क्रम उलटा केलात तर कधी ना कधी होतेच.

## सुरुवात करण्याआधीची तयारी

दहा मिनिटांचं काम आहे, एकदाच करायचं.

फोनच्या घड्याळात 'वर्ल्ड क्लॉक' उघडा आणि ज्या शहराशी तुमचा संबंध आहे ते शहर जोडा. मध्य युरोपीय वेळेची 'सीईटी' ही इंग्रजी आद्याक्षरं शोधू नका, शहराचं नाव टाका. फोनची तारीख-वेळ 'ऑटोमॅटिक' वर आहे ना, तेही बघून घ्या. घड्याळ पाच मिनिटं पुढे ठेवायची सवय असेल तर ती भिंतीवरच्या घड्याळापुरती ठेवा. फोनवर हाताने वेळ बदलली की कॅलेंडरचे सगळे हिशोब बिघडतात.

कॉम्प्युटरवर गूगल कॅलेंडर वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये दुसरा टाइमझोन दाखवण्याची सोय आहे. ती चालू केली की डाव्या कडेला कोलकाता (म्हणजे भारतीय वेळ) आणि बर्लिन अशा दोन वेळा शेजारी-शेजारी दिसतात. आउटलुकमध्येही अशी सोय आहे.

शेवटचं काम म्हणजे घड्याळ बदलण्याच्या तारखा कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवणं. २०२६ साठी २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर, २०२७ साठी २८ मार्च आणि ३१ ऑक्टोबर.

सावधान: वर्ल्ड क्लॉक आजचा फरक दाखवतं, तुमच्या मीटिंगच्या दिवशीचा नाही. फेब्रुवारीत बसून एप्रिलची वेळ ठरवताना आजच्या घड्याळावरून हिशोब केलात, तर एक तास चुकलाच म्हणून समजा. इंटरनेटवर 'भारत जर्मनी टाइम डिफरन्स' शोधून मिळणारं उत्तरही बहुतेक वेळा त्या क्षणाचंच असतं. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त लोक फसतात ते इथेच.

## टप्पा १: देशाच्या नावावर न थांबता शहर पक्कं करा

'युरोपची वेळ' असं काही नसतं. युरोपात रशिया वगळूनही वेळेचे तीन मुख्य पट्टे आहेत, आणि आपला पट्टा मधला.

मधल्या पट्ट्यात जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन, नेदरलँड्स, बेल्जियम, लक्झेंबर्ग, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, पोलंड, चेकिया, स्लोव्हाकिया, हंगेरी, स्लोव्हेनिया, क्रोएशिया, सर्बिया, बोस्निया, माँटेनेग्रो, उत्तर मॅसिडोनिया, अल्बानिया, डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि माल्टा येतात. मोनॅको, व्हॅटिकन, लिश्टेनस्टाइन यांसारखी चिमुकली राज्यंही त्यातच. स्वित्झर्लंड, नॉर्वे, सर्बिया युरोपीय संघात नाहीत, तरी घड्याळ याच पट्ट्याचं पाळतात. म्हणून 'संघात आहे का' हा प्रश्न इथे कामाचा नाही.

शेजारचे देश मात्र या पट्ट्यात नाहीत, आणि लोक त्यांनाही यातच धरतात. ब्रिटन, आयर्लंड, पोर्तुगाल एक तास मागे आहेत. फिनलंड, एस्टोनिया, लात्विया, लिथुआनिया, ग्रीस, बल्गेरिया, रोमानिया, सायप्रस एक तास पुढे. लिस्बन आणि माद्रिद नकाशावर शेजारी वाटतात, पण त्यांच्यात एक तास आहे. स्पेनच्याच कॅनरी बेटांचं घड्याळ माद्रिदच्या एक तास मागे चालतं. 'स्पेनची वेळ' म्हणून भागत नाही ते यासाठी.

आता आफ्रिका. हा भाग बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. नायजेरिया, कॅमेरून, अंगोला, गॅबन, नायजर, चाड, बेनिन, अल्जीरिया, ट्युनिशिया यांचं घड्याळही जागतिक प्रमाणवेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, एक तास पुढे असतं. हिवाळ्यातल्या बर्लिनइतकंच. पण हे देश उन्हाळ्यात घड्याळ बदलत नाहीत. लागोसचा भारताशी फरक बाराही महिने साडेचार तासांचाच. जानेवारीत रोम आणि ट्युनिस यांची वेळ एक असते, जुलैत एक तासाचं अंतर पडतं. काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक तर दोन पट्ट्यांत विभागलेलं आहे: राजधानी किन्शासा या पट्ट्यात, पूर्वेकडचा भाग एक तास पुढे.

मोरोक्कोची गोष्ट आणखी वेगळी. २०१८ पासून तिथे वर्षभर यूटीसीच्या एक तास पुढचं घड्याळ आहे, पण रमजानच्या महिन्यात ते एक तास मागे घेतात. त्या काळात भारताशी फरक साडेपाच तासांचा होतो. कॅसाब्लांकाशी व्यवहार असेल तर युरोपच्या तारखा विसरा आणि रमजान कधी आहे ते पाहा.

तपासा: तुमच्याकडे आत्ता एका शहराचं नाव आहे का? 'आमचा क्लायंट युरोपात आहे' एवढंच माहीत असेल तर पुढे जाऊ नका. एक ओळीचा मेल करून शहर विचारा.

## टप्पा २: तारीख पाहा, ऋतू नको

उन्हाळी वेळ मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. मधल्या पट्ट्यातल्या वर सांगितलेल्या सर्व युरोपीय देशांसाठी हा एकच नियम. उन्हाळी वेळ चालू असताना भारताशी फरक साडेतीन तास, बंद असताना साडेचार तास. भारतात घड्याळ बदलत नाही, त्यामुळे सगळी हालचाल त्यांच्या बाजूची.

इथे दोन चुका होतात. पहिली चूक 'शेवटचा' म्हणजे 'चौथा' असं धरण्याची. २०२६ च्या मार्चमध्ये पाच रविवार आहेत. चौथा २२ तारखेला येतो, पण घड्याळ बदलतं २९ ला. दुसरी चूक हवेवरून अंदाज बांधण्याची. एप्रिलच्या सुरुवातीला ओस्लोत बर्फ असू शकतं, तरी घड्याळ उन्हाळीच असतं. ऑक्टोबरच्या मध्यावर बर्लिनमध्ये लोक कोट घालून फिरतात, तेव्हाही घड्याळ उन्हाळीच.

बदल नेमका कोणत्या क्षणी होतो? यूटीसीप्रमाणे रात्री १ वाजता, म्हणजे भारतात रविवारी सकाळी साडेसहाला. मार्चमध्ये त्या क्षणी बर्लिनचं घड्याळ २ वरून थेट ३ वर जातं. मधला तास अस्तित्वातच नसतो. ऑक्टोबरमध्ये ३ वाजले की काटा परत २ वर येतो आणि तो तास दोनदा घडतो. त्या रात्री 'अडीच वाजता' असं कुणी म्हणालं तर विचारावंच लागतं की पहिले अडीच की दुसरे. पहिले अडीच म्हणजे भारतातले सकाळचे ६, दुसरे म्हणजे ७.

आपल्या दृष्टीने मार्चचा बदल जास्त धोक्याचा. बर्लिनची सकाळी १० ची मीटिंग हिवाळ्यात पुण्यात दुपारी अडीचला असते. २९ मार्चनंतरच्या सोमवारी तीच मीटिंग दीडला येते. जो जुन्या सवयीने अडीचला लॉगिन करतो, त्याला मीटिंग संपलेली सापडते. ऑक्टोबरमध्ये उलटं होतं, आपण एक तास लवकर पोहोचतो. त्यात वेळ वाया जातो, पण काम बुडत नाही. म्हणून मार्चच्या तारखेला दोनदा खूण करा.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. 'युरोपने आता घड्याळ बदलणं बंद केलंय' असं अनेक जण सांगतात. २०१९ मध्ये युरोपीय संसदेने बदल थांबवण्याच्या बाजूने मत दिलं होतं हे खरं, पण सदस्य देशांमध्ये सहमती झाली नाही आणि तो निर्णय अमलात आला नाही. तोंडी ऐकलेल्या बातमीवर मीटिंग ठरवू नका.

## टप्पा ३: हिशोब

शहर आणि तारीख हातात आली की हिशोब सोपा आहे. चुकतो तो अर्ध्या तासामुळे. घाईत लोक 'चार तास' धरतात, आणि ते वर्षातल्या कोणत्याच दिवशी बरोबर नसतं.

त्यासाठी ही युक्ती वापरा. तिकडच्या वेळेवरून आपली काढताना हिवाळ्यात ५ तास मिळवा आणि अर्धा तास वजा करा. उन्हाळ्यात ४ तास मिळवा आणि अर्धा तास वजा करा. समजा, बर्लिनमध्ये १४:१५ ला मीटिंग आहे. जानेवारीत १४:१५ अधिक ५ म्हणजे १९:१५, उणे अर्धा म्हणजे १८:४५. आपल्याकडे संध्याकाळचे पावणेसात. जुलैत तोच हिशोब १७:४५ ला येतो, म्हणजे पावणेसहा.

आपल्या वेळेवरून तिकडची काढताना हेच उलटं: ५ किंवा ४ वजा, अर्धा तास मिळवा.

हिशोब कायम चोवीस तासांच्या घड्याळात करा. तिकडची पत्रं, तिकिटं, निमंत्रणं याच पद्धतीने येतात. दुपार-संध्याकाळ अगदी शेवटी, उत्तर आल्यावर लावा.

तपासा: उत्तर आल्यावर तारीख बदलली का ते बघा. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजून गेले असतील तर उन्हाळ्यात आपल्याकडे दुसरा दिवस सुरू झालेला असतो. हिवाळ्यात साडेसातनंतरच.

## टप्पा ४: समोरच्याने लिहिलेली वेळ नीट वाचा

जुलै महिन्यात मेल येतो: 'दुपारी ३, सीईटी'. आता काटेकोर बोलायचं तर सीईटी ही हिवाळी वेळ आहे, यूटीसीच्या एक तास पुढे. उन्हाळी वेळेला सीईएसटी म्हणतात. अक्षरशः वाचलं तर भारतात संध्याकाळचे साडेसात होतात. पण लिहिणाऱ्याच्या मनात त्याच्या भिंतीवरचं घड्याळ असतं, आणि त्याप्रमाणे भारतात साडेसहा. युरोपातली मंडळीसुद्धा बाराही महिने सवयीने सीईटीच लिहितात. जर्मन कागदपत्रांत एमईझेड आणि एमईएसझेड अशी आद्याक्षरं दिसतात. पहिली हिवाळी, दुसरी उन्हाळी.

अशा वेळी अंदाज करू नका आणि समोरच्याला व्याकरणही शिकवू नका. सरळ विचारा, 'म्हणजे फ्रँकफर्टच्या घड्याळाप्रमाणे दुपारी ३, बरोबर ना?' एका वाक्यात प्रश्न सुटतो.

आपल्या बाजूनेही काळजी हवी. 'आयएसटी' ही आद्याक्षरं आपल्यासाठी भारताची आहेत, पण आयर्लंड आणि इस्रायलही आपापल्या वेळेसाठी तीच वापरतात. डब्लिनमधल्या माणसाला 'सहा वाजता आयएसटी' लिहिलंत तर तो त्याचे सहा समजेल. म्हणून 'भारतीय वेळ' किंवा 'मुंबई वेळ' लिहा.

मेलमधली वेळेची ओळ कशी असावी, त्याचा हा नमुना:

*बुधवार, १५ जुलै २०२६. बर्लिन १४:३०, मुंबई १८:००.*

वार, पूर्ण तारीख, दोन शहरं, दोन वेळा. वार मुद्दाम लिहायचा, कारण तारखेत चूक झाली तर तो लगेच ओरडतो. महिना अक्षरात लिहा, आकड्यात नको. जर्मनीत ०५.०७ म्हणजे ५ जुलै, पण त्याच मेलवर अमेरिकेतला सहकारी असेल तर तो ७ मे वाचू शकतो. जर्मन कचेऱ्यांत 'आठवडा क्रमांक २९' अशी भाषाही चालते. तसं आलं की तारीख विचारून घ्या.

## टप्पा ५: कॅलेंडरमध्ये नोंद कुणाच्या वेळेने?

एकदाच होणारी मीटिंग असेल तर फारसा प्रश्न नाही. दर आठवड्याच्या मीटिंगला मात्र एक 'मालक' शहर असतं, आणि घड्याळ बदललं की त्या शहराची वेळ तशीच राहते, बाकीच्यांची सरकते. मीटिंग बर्लिनच्या टाइमझोनमध्ये नोंदवली असेल तर वर्षातून दोनदा पुण्याची वेळ बदलेल. कोलकात्याच्या टाइमझोनमध्ये नोंदवली असेल तर बर्लिनवाल्यांची.

कोणतं शहर मालक असावं हे पहिल्याच दिवशी उघडपणे ठरवा. ज्या बाजूला बंधनं कडक, त्या बाजूचं शहर घ्यावं असं माझं मत आहे. तिकडे मुलांना पाळणाघरातून आणायची वेळ ठरलेली असेल तर त्यांचं, इकडे शिफ्टची बस ठरलेली असेल तर आपलं. नोंद करताना वेळेच्या शेजारचा टाइमझोनचा पर्याय उघडून शहर निवडा. तो न उघडता तोंडी हिशोब करून भारतीय वेळेने नोंद केली, तर आज बरोबर दिसेल आणि बदलानंतर चुकेल.

तिसरं शहर न्यूयॉर्क असेल तर आणखी जपून. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. २०२६ मध्ये ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. त्यामुळे ८ ते २९ मार्च या तीन आठवड्यांत आणि २५ ऑक्टोबर ते १ नोव्हेंबर या एका आठवड्यात न्यूयॉर्क-बर्लिन अंतर नेहमीच्या सहाऐवजी पाच तासांचं असतं. या चार आठवड्यांतल्या मीटिंग एकेक करून तपासा. 'नेहमीचीच वेळ' या शब्दावर विसंबू नका.

## टप्पा ६: विमानाचं तिकीट

तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या शहराची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या शहराची छापलेली असते. दोन्ही स्थानिक. तिकिटावरच्या वेळेत तुम्ही काहीही मिळवायचं किंवा वजा करायचं नाही.

प्रवासाचे तास काढायचे असतील तेव्हाच हिशोब. समजा, मुंबईहून रात्री २:०० ला निघून त्याच तारखेला फ्रँकफर्टला ७:०० ला पोहोचायचं आहे. वजाबाकी पाच तास, त्यात हिवाळ्यात साडेचार मिळवा: साडेनऊ तासांचा प्रवास. परतीला उलटं. फ्रँकफर्टहून १३:०० ला निघून मुंबईत दुसऱ्या दिवशी १:३० ला, म्हणजे घड्याळात साडेबारा तास. त्यातून साडेचार वजा केले की आठ तास. 'दुसरा दिवस' तिकिटावर बारीक अक्षरात '+१' असा असतो. न्यायला येणाऱ्या माणसाला वेळ सांगताना तो हमखास सुटतो.

सावधान: मुंबईहून युरोपला जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर '१४ तारीख, ००:४५' असेल तर विमानतळावर १३ तारखेला रात्री नऊ-साडेनऊला हजर व्हायचं. आपल्या बोलण्यात रात्री झोपेपर्यंत 'आज'च असतो, म्हणून १४ तारखेच्या रात्री सामान घेऊन निघालेली कुटुंबं आहेत. विमान आदल्या रात्रीच गेलेलं असतं. घरात सगळ्यांना 'तेरा तारखेची रात्र' असंच सांगा.

व्हिसाच्या अपॉइंटमेंटची वेळ मात्र भारतातल्या केंद्राची, भारतीय वेळ. देश जर्मनी असला तरी तिथे रूपांतर करायचं नाही.

## टप्पा ७: अर्जाची मुदत

जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांची हिवाळी सत्रासाठी मुदत १५ जुलै असते. मुदत जर्मन वेळेने २३:५९ ला संपत असेल, तर भारतात १६ जुलैचे पहाटेचे ३:२९. १५ जानेवारीची मुदत असेल तर १६ जानेवारीचे ४:२९. म्हणजे आपल्याला काही तास जास्त मिळतात.

ते वापरू नका. काही ठिकाणी मुदत मध्यरात्री नसून कचेरी बंद होण्याच्या वेळेला असते, काही ठिकाणी कागद तिकडे पोहोचलेले लागतात. भारतातली १५ तारीख उजाडायच्या आत अर्ज गेलेला असावा.

## टप्पा ८: घरचा फोन आणि पंचांग

पुण्यात सकाळचे नऊ म्हणजे म्युनिकला उन्हाळ्यात साडेपाच आणि हिवाळ्यात साडेचार. सकाळची पूजा आटोपून आजी फोन लावते तेव्हा तिकडे सगळे झोपेत असतात. आजीच्या खोलीत म्युनिकच्या वेळेचं वेगळं घड्याळ लावून द्या, आणि मार्च-ऑक्टोबरच्या त्या रविवारी कुणीतरी आठवणीने काटे फिरवा.

पंचांगाच्या बाबतीत दोन प्रकारच्या वेळा वेगळ्या ठेवाव्या लागतात. तिथी सुरू होणं किंवा संपणं हा सगळ्या जगासाठी एकच क्षण असतो. पंचांगात चतुर्थी दुपारी २:१० ला संपते असं असेल, तर उन्हाळ्यात म्युनिकला ती सकाळी १०:४० ला संपते. इथे वजाबाकी चालते.

सूर्योदय, सूर्यास्त, चंद्रोदय यांना मात्र वजाबाकी चालत नाही, कारण ते त्या-त्या गावाच्या आकाशावर ठरतात. कालनिर्णयमध्ये छापलेल्या मुंबईच्या चंद्रोदयातून साडेतीन तास वजा करून म्युनिकमध्ये संकष्टी सोडली, तर चंद्र उगवलेलाच नसेल. तिथला चंद्रोदय त्या शहराच्या नावानेच काढावा लागतो, आणि उन्हाळ्यात तो रात्री बराच उशिरा असतो. उपास करणाऱ्याला आधी सांगून ठेवा.

गणपतीच्या प्रतिष्ठापनेचंही तसंच. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. सप्टेंबरात उन्हाळी वेळ चालू असल्याने म्युनिकला सूर्य माथ्यावर येतो तो सव्वा एकच्या आसपास, पॅरिसला पावणेदोनच्या. तिथी सूर्योदयाशी आणि मध्यान्हाशी जोडून पाहायची असल्याने काही वर्षी सणाची तारीखही भारतापेक्षा एक दिवस आधी येऊ शकते. म्हणून हॉल बुक करण्याआधी त्या शहराचं पंचांग काढा, आणि गुरुजी भारतातून व्हिडिओवर पूजा सांगणार असतील तर त्यांना मुहूर्ताची वेळ दोन्ही शहरांच्या नावांनी लिहून पाठवा.